फोनमुळे मोडलेली बैठक पुन्हा कशी बसवावी

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं. देवासमोर समई, बाहेर सुपारीच्या कुळागरात पावसाची रिपरिप, आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. दहा-बारा ओव्या झाल्या असतील, मांडीशेजारी ठेवलेल्या फोनची काच उजळली. आवाज नव्हता, नुसता उजेड. माझं बोट ओवीवरून उठलं आणि फोनवर गेलं. कुठल्याशा ग्रुपवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. परत पानाकडे वळले तर ओळ सापडेना. आजीने डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, “अध्याय अर्दो सोडचो न्हय, बाय.”

ती रागावली नव्हती. तिच्या लेखी तो साधा नियम होता. अध्याय सुरू केला की संपेपर्यंत उठायचं नाही, मनानेसुद्धा. मी मात्र त्या रात्री नीट झोपले नाही. शाळेत असताना एका रात्रीत कादंबरी संपवणारी मी, आणि आता वीस मिनिटं एका पानावर टिकत नव्हते.

वेळ मिळत नाही अशी आपली नेहमीची तक्रार असते. माझ्याकडे वेळ होता, बैठक मोडली होती. गाणाऱ्याला बैठक लागते, भजनाला बसणाऱ्याला लागते, तशी वाचणाऱ्याला आणि दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्यालाही लागते. ती सवयीने बसते, सवयीने मोडते, आणि सवयीने परत बसवता येते. मला त्याला आठेक महिने लागले. त्यातले निम्मे महिने चुकीच्या वाटेने गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही. माझा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो आम्हाला फोनच्या काचेतच दिसतो. ज्या गोव्यात घराघरातलं कुणी ना कुणी बोटीवर, आखातात किंवा विलायतेत आहे, तिथे फोन हे जोडून ठेवणारं साधन आहे, हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

– गजराचं साधं, सेलवर चालणारं घड्याळ. यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच.
– मनगटी घड्याळ. किती वाजले बघायला फोन उचलला की पुढची पंधरा मिनिटं गेली म्हणून समजा.
– पर्समध्ये किंवा खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल.
– वाचायला छापील काहीतरी. घरात येणारा पेपरही चालेल.
– घरात फोन ठेवायची एक ठरलेली जागा, शक्यतो प्लग जवळ असलेली.
– वाचनालयाचं सदस्यत्व घ्यायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो एका पाकिटात घालून ठेवा.
– तुम्ही हे करताय हे माहीत असलेलं घरातलं एक माणूस.

घड्याळांव्यतिरिक्त विकत घ्यायला लागेल असं यात फारसं काही नाही. फोन कमी वापरायला मदत करणारं, महिन्याला वर्गणी घेणारं एक ॲप मी सुरुवातीला घेतलं होतं. आज किती वेळ वाचवला हे सांगायला ते दिवसातून चार वेळा फोन वाजवायचं. तसल्या ॲपवर पैसे घालू नका.

१. पहिला आठवडा नुसतं मोजा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. दोन्ही २०१८ मध्ये आली. बहुतेक फोनमध्ये ती आधीपासूनच असतात, वेगळं काही घालावं लागत नाही. उघडल्यावर दिवसाचे तास समोर येतात, पण तो आकडा फसवा आहे. मॅप लावून केप्याला जाऊन आलात किंवा स्वयंपाक करताना यूट्यूबवर नाट्यसंगीत लावून ठेवलंत तरी तास वाढतात. तुम्ही दुसरा आकडा शोधा : दिवसात फोन किती वेळा उघडला. बैठक मोडते ती उघडण्याने. माझा पहिल्या आठवड्याचा आकडा रोज शंभराच्या वर होता. झोपेचे तास वजा केले तर दर दहा मिनिटांनी एकदा.

मग तीन दिवस वहीत प्रत्येक वेळचं कारण एका शब्दात लिहा. काम, फोन आला, कंटाळा, असं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द ‘वाट’ होता. बसची वाट, कुकरच्या शिटीची वाट, मीटिंग सुरू होण्याची वाट. आणि दुसरा शब्द निघाला ‘भीती’. कुणी गेलं आणि आपल्याला कळलंच नाही तर? आपल्याकडे मरणाची बातमी आता ग्रुपवरच येते, पूर्वीसारखा निरोप घेऊन माणूस येत नाही. ही भीती खरी आहे. तिच्यावरचा उपाय तिसऱ्या पायरीत आहे.

या आठवड्यात स्वतःला दोष देत बसू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी कचेऱ्यांतल्या माणसांचं लक्ष वर्षानुवर्षं मोजलं. २००४ मध्ये माणूस संगणकाच्या पडद्यावर एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलं. तुमच्या एकट्याच्या स्वभावाचा दोष असता तर साऱ्या जगाचा आकडा असा घसरला नसता.

२. ओढ कुठून येते ते एकदा समजून घ्या

पणजीत संध्याकाळी मांडवीच्या काठाने चाललात की कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात हलताना दिसतात. आत जाण्याची गरज नाही, आतल्या मशीनचं तत्त्व आपल्या खिशात आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी पोट भरलं की थांबतो, पण दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसेल तर तो चोच मारतच राहतो. फोनचा पडदा बोटाने खाली ओढून सोडला की काहीतरी नवीन येतं किंवा येत नाही. आपण पुन्हा ओढतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून मोठी आहे. २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने खाली सरकवत नेलं तरी न संपणारं पान तयार केलं. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पेपर संपतो, अध्याय संपतो, नाटकाचा पडदा पडतो. शेवट आला की माणूस क्षणभर थांबतो, उठायचं की पुढचं घ्यायचं ते ठरवतो. ती ठरवायची जागाच त्या पानातून काढून टाकली गेली. तुम्ही उठत नाही याचं मोठं कारण म्हणजे उठायचा क्षणच समोर येत नाही. तेव्हा आपण करायचं ते एवढंच, की शेवट परत आणायचा.

त्यासाठी तीन गोष्टी आजच करा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद करा आणि जुनी नोंद पुसून टाका. मुखपृष्ठ जवळपास रिकामं होतं आणि हवं ते शोधून बघावं लागतं. एकामागून एक आपोआप लागणं, म्हणजे ऑटोप्ले, बंद करा. आणि पडद्याचे रंग काढून तो काळा-पांढरा करा. अँड्रॉइडमध्ये हे बेडटाइम मोडमधल्या ग्रेस्केलने होतं, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टरने. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या या बदलाने रोजचा वापर सरासरी ३८ मिनिटांनी कमी झाला होता.

३. नोटिफिकेशन चाळा, पण सगळी बंद करू नका

इथे मी मोठी चूक केली. उत्साहाच्या भरात एका रविवारी सगळीच बंद करून टाकली. तिसऱ्या दिवशी भावाची बोट बंदराला लागली, त्याने तीनदा फोन केला, मला कळलंच नाही. पुढचं बंदर नऊ दिवसांनी होतं. आई मला काही बोलली नाही, पण त्या नऊ दिवसांत तिने माझ्याशी फोनचा विषय काढला नाही. मी त्या दिवशी सगळं परत चालू केलं आणि दोन महिने मागे गेले.

नंतर कळलं की यावर प्रयोग झालेला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३७ जण होते. ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाली त्यांचं लक्ष आणि मन दोन्ही सुधारलं. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांची बेचैनी उलट वाढली. म्हणून चाळण लावा.

माणूस तुम्हाला स्वतःहून बोलावतो ते चालू ठेवा, म्हणजे फोन आणि थेट आलेला मेसेज. दुकानं, बातम्या, खेळ, कुणाच्या पोस्टला कुणी काय केलं, हे सगळं बंद. ग्रुप या दोन्हींच्या मध्ये येतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ग्रुपच्या नोटिफिकेशनची सोय वेगळी असते, ती बंद करा. थेट मेसेज आणि कॉल येत राहतात. देवस्थान समिती, माजी विद्यार्थी, वाड्यावरचा ग्रुप, नातेवाइकांचे तीन ग्रुप, हे सगळे अर्काइव्हमध्ये टाका. कुणी तुमचं नाव घेऊन विचारल्याशिवाय ते वर येत नाहीत. ग्रुप सोडून जाण्याची गरज नाही. गावात ग्रुप सोडला की त्याचे दहा अर्थ निघतात, त्यापेक्षा हे बरं.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना निवडक नंबरांना मुभा द्या आणि लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्या, अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. बोटीवरची माणसं इंटरनेटवरून कॉल करतात, त्यामुळे निवडक नंबर पुरत नाहीत, त्या ॲपलाही वेगळी मुभा द्यावी लागते. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. सगळं लावून झालं की घरातल्या दुसऱ्या फोनवरून एकदा कॉल करून खात्री करा.

आता त्या भीतीचं. जवळच्या पाच माणसांना तोंडाने सांगून ठेवा : “काही बरं-वाईट झालं तर मला फोन करा, मेसेजवर सोडू नका.” मी मावशीला, दोघा चुलत भावांना, शेजारच्या काकूंना आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीला सांगितलं. गेल्या पावसाळ्यात वाड्यावरचे एक आजोबा गेले तेव्हा काकूंचा फोन दहा मिनिटांत आला. ग्रुपवर ती बातमी त्यानंतर पडली.

ग्रुप बघण्याच्या वेळा तीन ठेवा. माझ्या सकाळी साडेआठ, दुपारी जेवण झाल्यावर आणि संध्याकाळी सात.

४. फोनला घरात एक जागा द्या

आमच्या जुन्या घरात दाराजवळ भिंतीत देवळी आहे, पूर्वी तिथे कंदील ठेवत. आता तिथे फोन असतात. घरात शिरलं की चपला काढायच्या आणि फोन देवळीत ठेवायचा. वाजला तर ऐकू येतो, उठून जाऊन घेता येतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दाराजवळच्या कपाटावर टोपली ठेवा. अट एकच, बसल्या जागेवरून हात पोचता कामा नये.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ८०० जणांवर प्रयोग केले. सगळ्यांचे फोन गप्प होते. काहींचे टेबलावर पालथे, काहींचे खिशात किंवा पिशवीत, काहींचे दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांनी लक्ष लागणारी कामं टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली केली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण स्वतःच्या घरात एक आठवडा करून बघायला खर्च काहीच नाही.

फोन झोपण्याच्या खोलीत न्यायचा नाही, आणि त्यासाठीच ते गजराचं घड्याळ. पहिल्या सकाळी मला जाग आली ती घड्याळाने. उठून काय करायचं ते सुचेना, म्हणून तशीच पडून राहिले. मग पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू आला, आधी लांब देवळाच्या बाजूने, मग वळणावर, मग आमच्या गेटाशी. सायकल थांबल्याचा, टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केल्याचा आवाज. तो रोज येत होताच. त्या वेळी मी अंथरुणात फोन बघत असे, आणि पाव आईच घ्यायची.

एक सापळा : ओटीपी आला, गुगल पे करायचं आहे, म्हणून फोन हातात येतो आणि तिथून वाट फुटते. काम उभ्याने, देवळीपाशीच उरकायचं. बसायचं नाही. पाय दुखायला लागले की आपण कशासाठी आलो होतो ते आठवतं.

५. वाचनाची बैठक बसवा

आमच्यासारख्या घरांत बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. पेपर मराठी, पोथी मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. आमचं मराठीशी नातं बऱ्याच अंशी छापील अक्षरातून आहे, त्यामुळे वाचन सुटलं की इथे एक छंद सुटत नाही, भाषाच हातातून निसटायला लागते. माझा भाचा आरती पाठ म्हणतो, पण पेपरातला परिच्छेद वाचताना अडखळतो. म्हणून या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

सुरुवात आजीच्या नियमापासून करा. बसण्याआधी ठरवा की काय संपवायचं : एक लेख, एक कथा, एक प्रकरण. मिनिटांत ठरवू नका, कारण मिनिटं मोजायला घड्याळाकडे बघावं लागतं. तुकडा एवढा लहान घ्या की तो संपणारच. संपेपर्यंत उठायचं नाही.

पहिली पाच-सात मिनिटं वाईट जातात. हात रिकामा वाटतो, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, गॅस नोंदवायचा आहे हे नेमकं तेव्हाच आठवतं. त्यासाठी वही. जे आठवेल ते एका ओळीत लिहा आणि परत पानावर या. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा, अर्थ नंतर बघा. शब्दाचा अर्थ बघायला फोन उघडला आणि तासाभराने मिटला, असं माझं किती वेळा झालं आहे. हातात पेन्सिल असली की हाताला काम राहतं, हे मला अनुभवाने कळलं.

मी रोज म्हार्दोळहून पणजीला बसने जाते. तीच माझी शाळा झाली. पहिले दोन आठवडे ठरवलं, बाणस्तारीचा पूल येईपर्यंत फक्त पुस्तक. जेमतेम दहा-बारा मिनिटं. बस पुलावर चढली, खाली कुंभारजुव्याचं पाणी दिसलं की पुस्तक मिटायला मोकळी. पुढचे दोन आठवडे जुन्या गोव्यापर्यंत. मग रायबंदरपर्यंत. दीड महिन्याने एक दिवस पुस्तकातून मान वर केली तर पाटो आला होता आणि कंडक्टर “चला, पणजी!” म्हणत होता. तुमची वाट वेगळी असेल. पण वाटेवरचे पूल, देवळं, तिठे यांचा उपयोग करून बघा. बसमध्ये वाचताना मळमळत असेल तर जबरदस्ती करू नका, खिडकीबाहेर बघत बसा आणि वाचन घरी करा. फोन पिशवीतच ठेवला तर नुसतं बसणं हीही बैठकच आहे.

काय वाचायचं? मी सातशे पानांच्या कादंबरीने सुरुवात केली आणि चाळिसाव्या पानावर हरले. मोडलेला पाय प्लास्टरातून निघाल्यावर कुणी डोंगर चढायला जात नाही. दिवाळी अंकाने सुरुवात करा, जुना असला तरी चालेल. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तो १९०९ मध्ये, तेव्हापासून कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं असं एका अंकात सगळं देण्याची आपली पद्धत आहे. दोन पानांचं, दहा पानांचं, तीस पानांचं, जमेल तसं चढत जाता येतं. आणि अंक संपतो.

छापीलच कशाला, मोबाइलवर वाचलं तर काय बिघडलं, असं मला बरेच जण विचारतात. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा आणि त्यांतल्या एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीचा मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा फरक वाढला. कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे अभ्यास, कर्जाची कागदपत्रं, सोसायटीचे नियम कागदावर वाचा, छापून घ्यावे लागले तरी. गोष्ट पडद्यावर वाचायची असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून वाचा.

आणि मोठ्याने वाचा. हे मला कुठल्या अभ्यासाने सांगितलं नाही, आजीने शिकवलं. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळी गाळत पुढे पळतात. तोंडाने वाचताना गाळता येत नाही, आणि समोर ऐकणारं माणूस असलं की मध्येच उठताही येत नाही. ऑपरेशननंतर आजीची नजर सुधारली, ती आता स्वतः वाचू शकते. पण रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं मीच वाचते, ती ऐकते. कधी पोथी, कधी पेपरातला अग्रलेख, कधी दिवाळी अंकातली कथा. कथेतल्या एखाद्या बाईचं वागणं तिला पटलं नाही की ती मला थांबवते आणि मग अर्धा तास आम्ही त्या बाईबद्दलच बोलतो.

६. वाचनालयाचं सदस्य व्हा

पणजीला पाटोवर, कदंब बस स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ मधली, म्हणजे देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी ते एक. बस सुटायला अर्धा तास असेल तर तो तिथे काढा. तालुक्याच्या गावांतही वाचनालयं आहेत, तुमच्या जवळचं शोधा.

सदस्यत्वाचा खरा फायदा परतीची तारीख. विकत घेतलेलं पुस्तक वर्षभर कपाटात थांबतं, वाचनालयाचं थांबत नाही. एका वेळी एकच पुस्तक घ्या. मी चार-चार आणायचे, चारही अर्धवट परत जायची.

७. माणसांकडे परत या

समोर माणूस असताना फोनमध्ये बघत राहण्याला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘फबिंग’ असा शब्द घडवला गेला. आपल्याकडे वेगळा शब्द नाही, पण अनुभव सगळ्यांना आहे. बोलणारा वाक्य अर्धवट सोडतो आणि “राहू दे” म्हणतो. घरात “राहू दे” किती वेळा ऐकू येतं ते एक दिवस मोजा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला. आख्ख्या गावाने मिळून केल्यामुळे कुणाला आपण एकटे पडलो असं वाटत नाही. आमच्या घरी भोंगा नाही, साडेसात ते नऊ एवढं ठरलेलं आहे. भाच्याचा गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो, तो सात वाजता वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन देवळीत. मुलांना सांगण्याआधी महिनाभर मोठ्यांनी करून दाखवा. मी आधी भाच्याला बोलले आणि स्वतः ऑफिसचे मेसेज बघत राहिले, तेव्हा तो दोन दिवसांत बंड करून उठला, आणि त्याचं बरोबर होतं.

गणेश चवथीच्या दिवसांत मी एक गोष्ट बघितली. आरतीच्या वेळी ज्याच्या हातात घुमट हे मातीचं वाद्य असतं, ज्याच्या हातात झांज असते, त्याला फोनची आठवण होत नाही. फुगडी घालणाऱ्या बायकांनाही नाही. गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधताना सुपारीचे घोस, तोरिंजन, नारळाचा घड वर पोचवणाऱ्यांनाही नाही. फोन निघतात ते रिकाम्या बसलेल्यांचे. म्हणून पाहुणे आले की त्यांना नुसतं कोचावर बसवू नका. शेंगा सोलायला द्या, पाट मांडायला सांगा, नारळ खवायला बसवा. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. फोटो काढायचं काम एकाकडेच द्या आणि बाकीच्यांना सांगा की संध्याकाळी सगळ्यांना मिळतील.

आणि भावाच्या कॉलबद्दल. पूर्वी त्याचा व्हिडिओ कॉल आला की फोन या हातातून त्या हातात फिरायचा. कुणी स्वयंपाकघरात, कुणी अंगणात, प्रत्येकाचं अर्धं लक्ष दुसरीकडे. आता एकच फोन तांब्याला टेकवून टेबलावर ठेवतो, बाकीचे देवळीत, आणि सगळे समोर बसतो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा तो म्हणाला, “आज सगळे घरात आहेत असं वाटतंय.” आम्ही रोजच घरात होतो.

८. मोडलं तर

मोडेल. निवडणूक असते, क्रिकेट असतं, घरात आजारपण असतं, ऑफिसात मार्च असतो. मार्चमध्ये माझे तीन आठवडे पूर्ण गेले. अशा वेळी सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून करू नका. फक्त चौथीवर या. त्या रात्री फोन देवळीत आणि घड्याळ उशाशी, एवढंच. वाचन दुसऱ्या दिवशी छोट्या तुकड्याने, आधी जिथपर्यंत पोचला होता त्याच्या निम्म्याने.

नवीन फोन घ्याल तेव्हा मात्र तिसरी पायरी पहिल्याच दिवशी पुन्हा करा. जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आलं तरी नोटिफिकेशनच्या बऱ्याच सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि नव्याने घातलेलं प्रत्येक ॲप परवानगी विचारतं. तिथे, कॉल आणि मेसेजची ॲप सोडून, ‘नाही’ दाबा. आईच्या आणि आजीच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या, आणि बोटीवरच्या माणसाचा कॉल वाजतो ना, ते दुसऱ्या फोनवरून तपासल्याशिवाय उठू नका.